ट्रेडमार्क म्हणजे काय? व्यवसायाचं नाव सुरक्षित कसं करायचं?

नाव ठरतं, पाकिटं छापली जातात, दुकानावर पाटी लागते, ग्राहक नाव घेऊन माल मागू लागतात. मग एक दिवस दुसऱ्याच कुणाच्या वकिलाची नोटीस येते: "हे नाव आमचं आहे, वापर थांबवा." अशा वेळी अनेकजण उद्यम, जीएसटी किंवा गुमास्ता परवान्याचा कागद पुढे करतात. पण यापैकी कुठल्याही कागदाने नावावर मालकी मिळत नाही. कंपनी म्हणून नोंदणी झाली, तरीही नाही. त्यासाठी ट्रेडमार्कची नोंदणी वेगळी करावी लागते.

ट्रेडमार्क म्हणजे काय?

आपला माल किंवा सेवा इतरांपासून वेगळी ओळखू येण्यासाठी वापरलेली खूण म्हणजे ट्रेडमार्क. ती शब्द, अक्षरं, आकडे, चित्र, वेष्टनाचं रूप किंवा रंगसंगती अशी काहीही असू शकते. भारतात यासाठी 'ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999' हा कायदा आहे. तो 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला.

कोणतं नाव चालतं?

मालाचा गुण, प्रकार किंवा ठिकाण सांगणारे शब्द सहसा नाकारले जातात. मसाल्यासाठी 'शुद्ध' किंवा 'कोल्हापुरी तिखट' हे नाव एकट्याची मालमत्ता होऊ शकत नाही, कारण ते शब्द सगळ्याच विक्रेत्यांना लागतात. मालाशी थेट संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द जास्त भक्कम ठरतो.

नाव आधीच्या एखाद्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतंही नसावं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दोन नावं शेजारी ठेवून अक्षरं ताडून पाहायची नाहीत. सामान्य ग्राहकाला नाव अर्धवट आठवत असतं, त्याची फसगत होईल का हे पाहायचं, असं न्यायालयाने 1962 मध्ये सांगितलं. नावं फसवी ठरण्याइतकी सारखी आहेत, हेही मान्य केलं. तरीही 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण हे नाव बरीच वर्षं उघडपणे वापरात होतं आणि 'अमृतधारा'वाल्यांनी ते चालू दिलं होतं. म्हणजे नाव आपलं असलं, तरी गप्प बसणं महागात पडू शकतं.

नोंदणी कशी होते?

1. शोध: आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. स्पेलिंग बदलून आणि उच्चारानुसारही शोधा.

2. वर्ग: माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत. 1 ते 34 मालाचे, 35 ते 45 सेवांचे. चहा-मसाले 30 मध्ये, कपडे आणि चपला 25 मध्ये, उपाहारगृह 43 मध्ये येतं. नोंदणी त्या वर्गातल्या नमूद केलेल्या मालापुरती असते.

3. अर्ज: टीएम-ए हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये, इतरांना 9,000 रुपये शुल्क आहे. नाव आधीपासून वापरात असेल, तर तसं प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिलं, जाहिराती असे पुरावे जोडा.

4. तपासणी: हरकत निघाली तर परीक्षण अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ही मुदत चुकली तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जाऊ शकतं.

5. प्रसिद्धी: त्यानंतर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं. चार महिन्यांत कुणी विरोध केला नाही, तर प्रमाणपत्र मिळतं.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जांचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे असतं.

टीएम आणि वर्तुळातला आर

'टीएम' ही खूण नोंदणीआधीही लावता येते. वर्तुळातला 'आर' मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावरच लावायचा. त्याआधी लावणं बेकायदा आहे.

नोंदणी केलीच नाही तर?

नोंदणी सक्तीची नाही. नाव बाजारात रुजलेलं असेल, तर नक्कल करणाऱ्यावर 'पासिंग ऑफ'चा दावा करता येतो. पण त्यासाठी नावाची पत, ग्राहकांची दिशाभूल आणि झालेलं किंवा होऊ घातलेलं नुकसान तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोंदणी असेल तर प्रमाणपत्र हाच पहिला पुरावा असतो. उलट, दुसऱ्या कुणी नोंदणी केली असेल, तरीही तुम्ही ते नाव त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून सलग वापरत असाल, तर कायदा तुमच्या वापराला संरक्षण देतो. म्हणून पहिल्या वर्षाची बिलं कधीच टाकून देऊ नका.

नोंदणीनंतर

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं टिकते आणि दर 10 वर्षांनी नूतनीकरण करता येतं. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून त्यासाठी अर्ज करता येतो. मात्र सलग पाच वर्षांहून जास्त काळ नाव वापरलंच नाही, तर ते नोंदवहीतून काढण्याची मागणी कुणीही हितसंबंधित करू शकतो.

थोडक्यात, पाकिटं छापायला देण्याआधी नावाचा शोध घ्या. हजारो पाकिटं रद्दीत घालण्यापेक्षा तो एक तास फार स्वस्त पडतो.