मालिका पुसली गेली, कादंबरी उरली : मग पुरावा कशाला म्हणायचं?

मागच्या वर्षी प्रबंधाच्या एका प्रकरणाचा पहिला ड्राफ्ट गाईडना वाचायला दिला. प्रकरणाचा विषय होता, रेडिओ खगोलशास्त्र विज्ञानकथांमधून सामान्य माणसापर्यंत कसं पोहोचलं. त्यात मी एका ठिकाणी बिनधास्त लिहिलं होतं, '१९६१ च्या प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलं की...' आणि पुढे अर्धं पान एका प्रसंगाचं वर्णन. ड्राफ्ट परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं : 'हे तू कुठे पाहिलंस?'

पाहिलं नव्हतंच. वाचलं होतं. आणि तेही मालिकेच्या संहितेत नव्हे, तर मालिकेवरून नंतर लिहिलेल्या कादंबरीत.

संशोधनाची तयारी करताना तुमच्याकडूनही ही चूक होऊ शकते. म्हणून आज त्या मालिकेची आणि कादंबरीची गोष्ट सांगते.

मालिकेचं नाव 'ए फॉर अँड्रोमेडा'. बीबीसीवर ३ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर १९६१ या काळात, सात मंगळवारी, सात भागांत ती दाखवली गेली. लेखक दोन : केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि टीव्हीसाठी लिहिणारे जॉन इलियट. हॉयल यांचं नाव आपल्याला परकं नाही. जयंत नारळीकरांचे ते पीएच.डी.चे मार्गदर्शक. मालिका प्रसारित होत होती तेव्हा नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांच्याच हाताखाली संशोधन करत होते. विश्वउत्पत्तीच्या सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव हॉयल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या एका भाषणात दिलं, आणि १९५७ मध्ये त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही विज्ञान कादंबरी आली होती. म्हणजे प्रसारमाध्यम आणि विज्ञानकथा ही दोन्ही अंगणं त्यांच्या पायाखालची होती.

गोष्ट थोडक्यात अशी. ब्रिटनमधल्या एका नव्या रेडिओ दुर्बिणीला अँड्रोमेडाच्या दिशेकडून संदेश मिळतो. फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात येतं की हा नुसता 'नमस्कार' नाही, तर एक संगणक बांधण्याच्या सूचना आहेत. स्कॉटलंडमधल्या एका लष्करी तळावर तो संगणक बांधला जातो. मग संगणक सजीव पेशी तयार करण्याच्या सूचना देऊ लागतो. क्रिस्टीन नावाची सहायक त्या यंत्रापायी मरते, आणि पुढे तिच्यासारखीच दिसणारी एक तरुणी प्रयोगशाळेत घडवली जाते. तिचं नाव अँड्रोमेडा.

कल्पना हवेतून आलेली नव्हती. परग्रहावरचे रेडिओ संदेश शोधता येतील असं मांडणारा कोक्कोनी आणि मॉरिसन यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये १९५९ साली आला. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीने दोन ताऱ्यांकडे कान लावून पाहिला. त्याच्या पुढच्याच वर्षी ही मालिका. माझ्या प्रकरणासाठी याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार होतं?

अडचण एकच. मालिका आज जवळजवळ अस्तित्वात नाही.

त्या काळी व्हिडिओ टेप प्रचंड महाग होती. एकदा वापरली की पुसून पुन्हा वापरायची, हा नेहमीचा रिवाज. कलाकार संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम वाटेल तेव्हा पुन्हा दाखवताही येत नसत. घरी रेकॉर्ड करायची सोय नव्हती, त्यामुळे हे जपून ठेवलं तर पुढे विकता येईल हा विचारही कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. बीबीसीने हे पुसणं १९७८ च्या सुमारास थांबवलं. तोवर 'अँड्रोमेडा'चे भाग गेले होते. आज सातपैकी फक्त सहावा भाग पूर्ण पाहायला मिळतो, आणि तोही एका खासगी संग्रहातून २००० नंतर परत आलेला. बाकी भागांचे काही तुकडे, पडद्यावरून काढलेले फोटो आणि संहिता एवढंच उरलं आहे.

पण १९६२ मध्ये हॉयल आणि इलियट यांच्याच नावाने याच कथेची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या पुढे आवृत्त्या निघाल्या, ती ग्रंथालयांत गेली, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत राहिली. परिणाम काय झाला? चाळीसेक वर्षं सामान्य वाचकाला ही कथा सलग मिळण्याची सोपी वाट ही कादंबरीच होती. हळूहळू लोक, आणि माझ्यासारखे संशोधकसुद्धा, कादंबरीला मालिकाच समजू लागले.

आपल्याकडे नाटकाची छापील संहिता वाचून 'मी प्रयोग पाहिला' असं कुणी म्हणत नाही. मालिकेच्या बाबतीत मात्र आपण ते सहज म्हणून जातो. लेखक तेच, कथा तीच, पात्रं तीच, मग फरक तो कितीसा असणार?

किती असू शकतो ते बघायला दुसरं एक उदाहरण घेऊ. इथे मालिका आणि कादंबरी दोन्ही उपलब्ध आहेत. 'डॉक्टर हू' या मालिकेतली डालेक यंत्रांची पहिली कथा टेरी नेशन यांनी लिहिली. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ मध्ये ती सात भागांत प्रसारित झाली, आणि सातही भाग आज शाबूत आहेत. नोव्हेंबर १९६४ मध्ये डेव्हिड व्हिटेकर यांनी तिची कादंबरी केली. हे व्हिटेकर म्हणजे मालिकेचे पहिले संहिता संपादक. म्हणजे मूळ मालिका त्यांना ठाऊक नव्हती, असं म्हणायची सोयच नाही.

तरीही त्यांनी सुरुवातच बदलली. पडद्यावर इयान आणि बार्बरा हे एकाच शाळेतले शिक्षक. आपल्या एका विचित्र विद्यार्थिनीचा माग काढत ते भंगाराच्या आवारात पोहोचतात. कादंबरीत ते दोघे एकमेकांना आधी ओळखतच नाहीत. बार्न्स कॉमन या मोकळ्या माळावर, दाट धुक्यात, एका अपघाताच्या जागी त्यांची पहिली भेट होते. शिवाय सगळी गोष्ट इयान स्वतः सांगतो.

बदल का केला, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. डालेकची कथा मालिकेत दुसरी होती. पुस्तक मात्र एकटं उभं राहणार होतं. आधीची कथा न पाहिलेल्या वाचकाला पात्रांची ओळख करून द्यायची, पण पहिली कथा पूर्ण सांगत बसायचं नाही, यासाठी नवी सुरुवात लागणारच. आणि कॅमेऱ्याऐवजी कुणीतरी 'बघणारा' हवा, म्हणून इयान निवेदक.

आता क्षणभर कल्पना करा की या मालिकेच्या टेपा पुसल्या गेल्या असत्या आणि फक्त पुस्तक उरलं असतं. आपण सगळ्यांनी प्रबंधात लिहिलं असतं की १९६३ च्या प्रेक्षकांनी या दोघांना धुक्यातल्या अपघातात पहिल्यांदा भेटताना पाहिलं. तळटीपही दिली असती. आणि ते साफ चूक ठरलं असतं.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. हे कॅलिब्रेशन आहे. उपकरण अनोळखी नमुन्यावर वापरण्याआधी ज्ञात नमुन्यावर तपासायचं. मालिका आणि कादंबरी दोन्ही हाताशी आहेत तिथे रूपांतर किती आणि कुठे सरकतं ते बघायचं, मगच हरवलेल्या मालिकेबद्दल बोलायचं. 'अँड्रोमेडा'च्या बाबतीत तर नशीब जोरावर आहे. याच जोडीने पुढची मालिका लिहिली, 'द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू'. ती १९६२ मध्ये सहा भागांत आली, तिचे सगळे भाग टिकले, आणि १९६४ मध्ये तिचीही कादंबरी झाली. तेच लेखक, तीच पात्रं, दोन्ही माध्यमं हाताशी. याहून चांगला ज्ञात नमुना कुठला हवा?

या जोडीत एक गंमत आहे. पहिल्या मालिकेत क्रिस्टीन आणि अँड्रोमेडा या दोन्ही भूमिका ज्युली ख्रिस्ती या तेव्हाच्या नवख्या अभिनेत्रीने केल्या. दुसऱ्या मालिकेत अँड्रोमेडा झाली सुझन हॅम्पशर. पडद्यावर चेहरा बदलला हे प्रत्येक प्रेक्षकाला दिसलं. कादंबरी वाचणाऱ्याला मात्र काहीच बदललेलं जाणवत नाही, कारण कागदावर चेहरा नसतोच. उलट बाजूनेही हेच. मेलेल्या मुलीचा चेहरा घेऊन नवी मुलगी समोर येते, तेव्हा टीव्हीवर कुणी एक शब्द बोलायची गरज नाही. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कादंबरीत ते साम्य कुणीतरी बोलून किंवा लेखकाने सांगून दाखवावं लागतं. माझ्या ड्राफ्टमधला प्रसंग नेमका हाच होता. कादंबरीतली वाक्यं मी प्रेक्षकांच्या डोळ्यांत घातली होती.

मग अशी कादंबरी निरुपयोगी का? अजिबात नाही. फक्त तिला तिच्या वकुबातले प्रश्न विचारायचे. १९६२ मध्ये या लेखकांना कुठली कल्पना छापून कायम करावीशी वाटली? संदेश, संगणक आणि सजीव पेशी यांची साखळी त्यांनी वाचकाला कशी समजावली? टीव्ही न पाहिलेल्या माणसापर्यंत काय पोहोचलं? या प्रश्नांना कादंबरी हा अव्वल, पहिल्या हाताचा पुरावा आहे. पण पुढच्या मंगळवारची वाट बघत बसलेल्या घराने काय पाहिलं, हा प्रश्न तिला विचारला तर ती उत्तर देईल, आणि ते खरंही वाटेल. धोका तिथेच आहे. पुरावा गप्प असतो तेव्हा आपण सावध राहतो. तो भलत्याच प्रश्नाला सफाईने उत्तर देतो तेव्हा आपण फसतो.

एकच साधन 'प्राथमिक' की 'दुय्यम' हे त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं नसतं, ते तुमच्या प्रश्नावर ठरतं. संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो. मला ते एका पेन्सिलच्या ओळीने कळलं.

तुम्ही काम कराल तेव्हा एक साधी सवय लावून घ्या. टिपणाच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे क्रियापद नीट लिहा : पाहिलं, ऐकलं, वाचलं, कुणीतरी सांगितलेलं वाचलं. शेवटचं क्रियापद लांबलचक आहे, लिहायला कंटाळा येतो. पण सहा महिन्यांनी ड्राफ्ट लिहायला बसता तेव्हा स्मरणशक्ती या चारही गोष्टींचा एकच काला करते.

ते अर्धं पान मी काढून टाकलं नाही. वाक्य बदललं. आता तिथे आहे, '१९६२ च्या कादंबरीत हा प्रसंग असा येतो. मूळ भाग उपलब्ध नाही.' वाक्य पहिल्याइतकं ऐटबाज नाही. पण ड्राफ्ट दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्या जागी समास कोरा होता.