वर्ध्याची प्रेक्षणीय स्थळे

वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली दलितांसाठी खुले केले. त्याची ख्याती बांधकामापेक्षा या निर्णयामुळेच आहे. १९३६ मध्ये गांधीजी जवळच्या शेगावात राहायला आले. पुढे हेच सेवाग्राम. तेथील बापूकुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनसाठी उभारलेली. मातीच्या भिंती, बांबू, कौलारू छप्पर, बसायला चटई. देशाचे राजकारण ज्या घरातून हलत होते, त्यात पाहण्यासारखे सामान जवळजवळ नाहीच. वर्ध्यातच असलेले ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय १९३८ चे. त्याच वर्षी विनोबा भावे धाम नदीकाठच्या पवनारला गेले. आश्रमासाठी खोदताना तेथे भरत-रामभेटीचे प्राचीन शिल्प सापडले. अनेक अभ्यासकांच्या मते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार.