दारिद्र्यविषयक दृष्टिकोन, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गरिबीची कारणे, गरिबांची पात्रता आणि त्यांना साहाय्य करण्याची शासनाची जबाबदारी यांविषयी वेळोवेळी प्रचलित असलेल्या कल्पना. वर्ग, वर्ण आणि प्रदेश या तीन भेदांतून त्या घडत गेल्या व त्यांचा ठसा साहाय्यविषयक कायद्यांवरही उमटला. गरीब मनुष्य किती गरीब आहे यापेक्षा तो कोण आहे, या प्रश्नाच्या उत्तरावरच त्याला मिळणारी सहानुभूती बहुधा अवलंबून राहिली, असे या इतिहासावरून दिसते.

इंग्लंडमधील १६०१ च्या दारिद्र्य-कायद्याचे तत्त्व वसाहतकारांनी आपल्याबरोबर नेले. गरिबांचा भार त्यांच्या गावाने सोसावा, परगावच्यास घालवून द्यावे आणि वृद्ध, अपंग, विधवा हे ‘पात्र’, तर धडधाकट बेकार हे ‘अपात्र’ समजावेत, असे त्याचे स्वरूप होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७१८ च्या कायद्यान्वये साहाय्य घेणाऱ्यास उजव्या बाहीवर ‘पी’ हे अक्षर लावणे बंधनकारक होते. न्यू इंग्लंडमधील अनेक गावी निराधारांचा लिलाव होई. मात्र ही बोली उलटी असे. जो सर्वांत कमी रकमेत पोसावयास तयार होई, त्याच्या घरी निराधाराची रवानगी करण्यात येई. मॅसॅचूसेट्समधील १८२१ चा क्विन्सी अहवाल आणि न्यूयॉर्कमधील १८२४ चा येट्स अहवाल यांनंतर घरपोच मदतीऐवजी दरिद्रालये बांधण्याकडे कल झाला.

दक्षिणेकडील स्थिती निराळी होती. तेथील गुलाम कायद्याच्या दृष्टीने गरीब नव्हताच. तो मालमत्ता होता आणि त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी मालकाची मानली जाई. गरीब म्हणून उरत ते भूमिहीन श्वेतवर्णीय. त्यांना ‘गोरा कचरा’ अशा अर्थाच्या शब्दाने हिणवले जाई व त्यांच्या दैन्याचे मूळ त्यांच्या आळसात किंवा रक्तात शोधले जाई. गुलामगिरीमुळे श्रमाचे मोलच उतरते आणि गोरा श्रमिकही भिकेस लागतो, असा युक्तिवाद नॉर्थ कॅरोलायनाचे हिंटन रोवन हेल्पर यांनी १८५७ मध्ये आकडेवारीनिशी केला. तथापि हेल्पर यांना कृष्णवर्णीयांविषयी तिळमात्र आस्था नव्हती, उलट तिरस्कारच होता. दोन्ही वर्णांच्या गरिबांचे दुखणे एकच आहे हे ओळखूनही एकाच वर्णाचा कैवार घेण्याची ही वृत्ती पुढेही वारंवार आढळते.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त-गुलाम विभागाने (‘फ्रीडमेन्स ब्यूरो’) मुक्त गुलामांबरोबरच निर्वासित गोऱ्यांनाही शिधा वाटला. या विभागाची मुदत वाढविणारे विधेयक राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॉन्सन यांनी फेब्रुवारी १८६६ मध्ये नकाराधिकाराने फेटाळले. असे साहाय्य शासनाने गोऱ्या श्रमिकांना कधी दिले नव्हते, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. त्याच सुमारास मिसिसिपीच्या भटकेगिरीविषयक कायद्याने, जानेवारी १८६६ मध्ये कामधंद्याविना आढळणाऱ्या मुक्त गुलामास दंड करण्याची आणि तो न भरल्यास त्यास मजुरीला जुंपण्याची तरतूद केली. म्हणजे बेकारी हे एका वर्णाच्या बाबतीत दुर्दैव, तर दुसऱ्याच्या बाबतीत गुन्हा ठरली. हा विभाग १८७२ मध्ये बंद झाला. त्यानंतर वर्षभरातच महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ, निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांच्या औदार्याचे स्मरण म्हणून त्यांस अर्पण केला. ते औदार्य ओसरत चालल्याची वार्ता पुण्यापर्यंत पोहोचलेली नसावी.

संघराज्याच्या बाजूने लढलेल्या सैनिकांची निवृत्तिवेतने याच काळात वाढत गेली आणि १८९० नंतरच्या दशकात त्यांवर केंद्रीय खर्चाचा सु. ४० टक्के भाग खर्ची पडू लागला. त्यांना दान कोणीच म्हटले नाही. ती ‘कमावलेली’ होती. कमावलेले आणि फुकटचे हा भेद अमेरिकन विचारात तेव्हापासून खोल रुजला. येल विद्यापीठातील विल्यम ग्रॅहम समनर यांनी १८८३ मध्ये, समाजातील वर्ग परस्परांचे काहीही देणे लागत नाहीत, असे प्रतिपादिले. तर शिकागोमध्ये जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये ‘हल हाउस’ ही संस्था काढून गरिबांच्या वस्तीतच राहून काम करण्याचा मार्ग धरला.

दक्षिणेतील दारिद्र्याविषयीचा प्रादेशिक अभिमान किती आंधळा असू शकतो, याचे बोलके उदाहरण पेलाग्रा ऊर्फ वल्कचर्म या रोगाच्या इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत हजारो लोकांना हा रोग जडला. तो संसर्गजन्य असावा असे काही तज्ञ म्हणत, तर सुप्रजाजननवादी तो आनुवंशिक दुर्बलतेचा परिणाम मानीत. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य सेवेने १९१४ मध्ये जोझेफ गोल्डबर्गर यांची या कामी नेमणूक केली. अनाथालये व मनोरुग्णालये यांतील रहिवाशांना हा रोग होतो, पण त्यांच्या परिचारकांना होत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. १९१५ मध्ये मिसिसिपीतील एका तुरुंगशेतीवर, शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना निकृष्ट आहार देऊन त्यांनी रोगाची लक्षणे निर्माण करून दाखविली. १९१६ मध्ये साउथ कॅरोलायनातील गिरणीगावांत त्यांनी एडगर सिडेनस्ट्रिकर यांच्यासह कुटुंबांच्या मिळकतीची पाहणी केली. मिळकत जसजशी कमी, तसतसा रोग अधिक, असे तीत आढळून आले. डुकराची चरबी, मक्याचे पीठ आणि काकवी एवढ्यावर दिवस काढणाऱ्यांचा हा रोग होता. तो गोऱ्या गिरणी-कामगारांना होई, तसाच बटाईने शेती करणाऱ्या काळ्यांनाही होई. सगळी जमीन कापसाखाली गेल्याने भाजीपाला व दूधदुभते यांना जागाच उरली नव्हती.

राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१ मध्ये दक्षिणेत अर्धदुष्काळ व पेलाग्रा असल्याचे सांगून साहाय्याची तयारी दर्शविली, तेव्हा दक्षिणेतील लोकप्रतिनिधी व व्यापारी मंडळी संतापली. आपल्या प्रदेशाची बदनामी होते, भांडवल व वसाहतीस येणारे लोक बिचकतील, असा त्यांचा आक्षेप होता. ज्यांचे हातपाय सोलून निघत होते, त्यांचे मत कोणी विचारले नाही. नायसिनच्या अभावाने हा रोग होतो, हे १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम यांच्या संशोधनाने निश्चित झाले. पण त्यामागील खरी उणीव मजुरीची होती, हे गोल्डबर्गर यांनी वीस वर्षे आधीच दाखविले होते.

महामंदीने लक्षावधी मध्यमवर्गीयांनाही बेकार केल्यामुळे गरिबी हा वैयक्तिक दोष आहे, ही समजूत काही काळ डळमळली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धापकाळ विमा व बेकारी विमा सुरू केला. मात्र त्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळण्यात आले. परिणामी सु. ६५ टक्के कृष्णवर्णीय श्रमिक बाहेर राहिले. यामागे दक्षिणेतील मळेवाल्यांचे दडपण होते, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. इतर काही जण कर गोळा करण्यातील प्रशासकीय अडचणींना अधिक महत्त्व देतात. वगळलेल्यांत संख्येने गोरेच अधिक होते, हेही विसरता येत नाही. निराधार मुलांच्या साहाय्य-योजनेबाबत मात्र संदेहास फारशी जागा नाही. आरोग्य व सभ्य जीवन यांस पुरेल इतके साहाय्य द्यावे, अशी मूळ विधेयकातील तरतूद व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड यांच्यासारख्या दाक्षिणात्य सीनेटरांच्या विरोधामुळे गाळण्यात आली आणि रक्कम व पात्रता ठरविण्याचा अधिकार घटकराज्यांकडे राहिला. त्याचा उपयोग कसा झाला, हे लुइझिॲनात दिसते. शेतात काम उपलब्ध असेल तोवर मातांना साहाय्य नाकारण्याचा नियम या राज्याने १९४३ मध्ये केला. कापसाच्या वेचणीस हात कमी पडू नयेत हा त्यामागील हिशेब होता. पुढे १९६० मध्ये, न्यू ऑर्लीन्सच्या शाळांतील वर्णभेद मोडण्याचा वाद पेटलेला असताना, ‘अयोग्य घर’ या सबबीखाली तेथे सु. २३,००० मुलांचे साहाय्य तोडण्यात आले. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होती.

हा प्रश्न केवळ दक्षिणेचा राहिला नाही. सु. १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय दक्षिण सोडून इतरत्र गेले, तेव्हा उत्तरेचा उदारपणाही कसोटीस लागला. न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग या लहानशा शहराने १९६१ मध्ये साहाय्य घेणाऱ्यांवर कडक निर्बंध लादले. शहरात नव्याने येणारे काळे स्थलांतरित हे त्यामागचे उघड कारण होते. न्यायालयाने त्यांतील बहुतेक निर्बंध रोखले, पण देशभर त्यांचे स्वागतही पुष्कळ झाले.

नेमक्या याच वर्षांत गरिबीचा दुसरा एक चेहरा देशासमोर आला आणि तो गोरा होता. कोळसा-खाणींच्या यांत्रिकीकरणाने ॲपालॅचिया पर्वतप्रदेशातील वस्त्या ओस पडत होत्या. जॉन केनेडी यांनी १९६० च्या प्रचारात वेस्ट व्हर्जिनियातील हे दैन्य जवळून पाहिले आणि १९६१ मध्ये अन्नमुद्रांकांचा पहिला प्रयोग त्याच राज्यातील मॅक्डोवेल परगण्यात सुरू केला. मायकेल हॅरिंग्टन यांच्या १९६२ मधील ग्रंथाने समृद्धीआड दडलेल्या गरिबांकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. लिंडन जॉन्सन यांनी एप्रिल १९६४ मध्ये केंटकीतील इनेझ येथे जाऊन एका गोऱ्या बेकाराच्या ओसरीवर बसून ‘दारिद्र्याविरुद्ध युद्धा’चा प्रचार केला. ही निवड सहज झालेली नव्हती. नागरी हक्कांच्या विधेयकावर वाद चालू असताना ही योजना काळ्यांसाठी आहे, असे वाटू देणे राजकीय दृष्ट्या धोक्याचे होते.

हे चित्र टिकले नाही. मार्टिन गिलन्स या राज्यशास्त्रज्ञांनी प्रमुख वृत्तसाप्ताहिकांतील गरिबीविषयक छायाचित्रांची मोजदाद केली (१९९९). १९६४ मध्ये त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण २७ टक्के होते. ते १९६५ मध्ये ४९ टक्के आणि १९६७ मध्ये ७२ टक्क्यांवर गेले. प्रत्यक्षात देशातील गरिबांपैकी सु. ३० टक्केच कृष्णवर्णीय होते. १९६५ मधील वॉट्सचा उद्रेक आणि त्यानंतरच्या शहरी दंगली यांच्या वार्तांबरोबर गरिबीची प्रतिमा काळी झाली आणि वार्तांचा सूरही सहानुभूतीकडून संशयाकडे वळला. १९७६ च्या प्रचारात रॉनल्ड रेगन यांनी शिकागोमधील एका लबाड स्त्रीचे उदाहरण वारंवार दिले; त्यावरून ‘कल्याण-राणी’ हा शब्द रूढ झाला. जनमत-पाहण्यांतही एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ‘गरिबांना मदत’ वाढवावी काय, या प्रश्नास बहुसंख्य लोक होकार देतात. तोच प्रश्न ‘वेल्फेअर’ हा शब्द घालून विचारला, की होकार निम्म्याहूनही खाली येतो.

मिसिसिपीच्या डेल्टा भागात भूक हे तर हत्यारच बनले. १९६२–६३ च्या हिवाळ्यात लफ्लोर परगण्याने, मतदार-नोंदणीची चळवळ सुरू होताच, केंद्राकडून येणारे शिल्लक धान्य वाटणे बंद केले. एप्रिल १९६७ मध्ये सीनेटर रॉबर्ट केनेडी व जोझेफ क्लार्क यांनी या भागास भेट दिली, तेव्हा यंत्रांमुळे काम गेलेल्या कुटुंबांतील मुले उपाशी असल्याचे त्यांनी पाहिले. फुकट धान्याऐवजी आलेले अन्नमुद्रांक विकत घ्यावे लागत आणि त्यासाठी लागणारे रोख पैसे या कुटुंबांजवळ नव्हते.

वर्गभेदाची रेषा कृष्णवर्णीय समाजाच्या आतूनही जाते. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांचे चार स्तर सांगितले. सुस्थित स्त्रियांच्या मंडळांनी गरीब भगिनींना वर काढण्याचे काम निष्ठेने केले, तरी नीटनेटकेपणाचे व नीतीचे धडे देताना त्यांचा सूर बहुधा वरचढपणाचा असे. उलट, साहाय्य घेणाऱ्या मातांनी १९६६ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय संघटनेने मदत हा हक्क आहे, अशी भूमिका घेतली. विल्यम ज्यूलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये, शहरांतील कारखाने हलल्यामुळे आणि मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय वस्ती सोडून गेल्यामुळे मागे राहिलेल्यांची अवस्था अधिकच बिकट झाली, असे दाखविले.

सर्व गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देणारी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची १९६९ ची योजना सीनेटमध्ये बारगळली. वृद्ध, अंध व अपंग यांच्यापुरती तशीच तरतूद १९७२ मध्ये मात्र विनासायास संमत झाली. १९९६ च्या कायद्याने मुलांच्या साहाय्याचा हक्क संपुष्टात आणून केंद्रीय निधीतील साहाय्यास सर्वसाधारणपणे पाच वर्षांची मर्यादा घातली व घटकराज्यांना ठोक अनुदान देऊन त्यांचे अधिकार वाढविले. त्यानंतरही जुनी प्रादेशिक दरी कायम राहिली. मिसिसिपीत तिघांच्या कुटुंबास महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत. ही रक्कम २०२१ मध्ये २६० डॉलर करण्यात आली. गरिबांसाठीच्या वैद्यकीय साहाय्याचा विस्तार राज्यांना ऐच्छिक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. २०२४ पर्यंत तो न स्वीकारलेली दहा राज्ये होती. त्यांतील बहुतेक दक्षिणेकडील होती व तेथे विम्यावाचून राहिलेल्यांत काळ्यांप्रमाणेच गोऱ्या गरिबांचीही संख्या मोठी होती.