एमजीबी मोटारीचे सस्पेन्शन : भागांची ओळख

एमजीबी ही ब्रिटिश बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार. तिचे उत्पादन १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात झाले व पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. जुनी गाडी मूळ रूपात आणताना सर्वांत जास्त चुकीची खरेदी सस्पेन्शनच्या भागांची होते. (‘निलंबन’ हा पारिभाषिक शब्द आहे, पण तो ऐकून गॅरेजपेक्षा सरकारी कचेरी आठवते, म्हणून येथे रूढ शब्दच वापरला आहे.) अठरा वर्षे गाडीचे नाव एकच राहिले आणि भाग मात्र बदलत गेले, हे या घोळाचे पहिले कारण. दुसरे आणि अधिक त्रासदायक कारण म्हणजे मधल्या मालकांनी केलेली अदलाबदल.

मूळ रचना साधी आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला खाली विशबोन व गुंडाळी स्प्रिंग असते. वरचा दुवा मात्र स्वतंत्र नसून आर्मस्ट्राँग बनावटीच्या दांडीच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा हातच त्याचे काम करतो. त्यामुळे तो शॉक अ‍ॅब्झॉर्बर सैल झाला की धक्के बसतातच, शिवाय चाकाची बैठकही बिघडते. ही पुढची मांडणी आधीच्या एमजीए गाडीवरून घेतलेली आहे. मागे अखंड अ‍ॅक्सल, दोन बाजूंना पाटे आणि पुन्हा दांडीचेच शॉक अ‍ॅब्झॉर्बर. १९६७ ते १९६९ मधील सहा सिलिंडरची एमजीसी दिसायला जवळजवळ तशीच असली, तरी तिच्या पुढे गुंडाळी स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार व नळीचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर आहेत. तिचे पुढचे भाग येथे चालत नाहीत. अ‍ॅम्बॅसडरचे जुने इंजिन आणि एमजीबीचे इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या एकाच ‘बी’ कुळातले. हे नाते इंजिनापुरतेच आहे, त्यावरून सस्पेन्शनचा अंदाज बांधू नये.

ओळख पटवताना सुरुवात गाडीच्या क्रमांकापासून करावी. ‘जीएचएन’ म्हणजे उघडी रोडस्टर, ‘जीएचडी’ म्हणजे बंद छताची जीटी. पुढचा आकडा ३, ४ किंवा ५ हा मालिकेचा. जीटीचे वजन जास्त, म्हणून तिच्या स्प्रिंगा व पाटे वेगळे. रोडस्टरला ते बसतात, पण गाडी उंच व ताठ राहते. क्रमांक एवढे सांगतो, सगळे सांगत नाही. मागचा अ‍ॅक्सल हे त्याचे चांगले उदाहरण. सुरुवातीच्या रोडस्टरला ‘बँजो’ अ‍ॅक्सल होता : मधला फुगा मागून बंद, डिफरन्शियल पुढच्या बाजूने निघते. १९६५ मध्ये आलेल्या जीटीला पहिल्यापासून ‘ट्यूब’ अ‍ॅक्सल मिळाला. त्याला मागे बोल्टांनी बसवलेले झाकण असते. रोडस्टरला तो १९६७ मध्ये, म्हणजे ‘जीएचएन ४’ सुरू होण्याच्या थोडे आधीच दिला गेला. म्हणून ‘जीएचएन ३’ क्रमांकाच्या गाडीखाली दोन्हींपैकी कोणताही असू शकतो, आणि पाट्यांचे यू-बोल्ट व बैठकी दोन्हींच्या वेगळ्या. यादीतले साल वाचत बसण्यापेक्षा गाडीखाली शिरून झाकण आहे की नाही ते पाहावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

सर्वांत मोठी दुभागणी १९७४ च्या उत्तरार्धातली. अमेरिकेतील बंपर व दिव्यांच्या उंचीच्या नियमांसाठी क्रोम बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी एक ते दीड इंच उचलली गेली. त्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर व मागचे पाटे बदलले. इंजिनाच्या बैठकी आणि स्टिअरिंग रॅकची जागाही बदलली. गाडी पुन्हा खाली आणण्याच्या हौसेने नुसता जुना क्रॉसमेंबर आणणाऱ्याला हे उशिरा कळते. पुढचा अँटी-रोल बार आरंभीच्या रोडस्टरला जादा पैसे देऊन मिळे, पुढे नेहमीचा झाला, १९७५ च्या मॉडेलमध्ये काटकसर म्हणून काढला गेला, आणि १९७७ च्या मॉडेलपासून तो परत आला व मागेही बार आला. बार नसलेल्या गाडीच्या खालच्या विशबोनवर त्याची जोडणी नसते. विशबोन मागवताना हा प्रश्न आधी विचारावा.

किंगपिनकडे विशेष लक्ष द्यावे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. ब्रेक दाबून धरल्यावर खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहिली तर किंगपिनचा किंवा त्याच्या जोडाचा. नवे पितळी बुश नुसते ठोकून भागत नाही, ते रीमरने एका रेषेत घासावे लागतात. ते साधन नसल्यास तयार जोड घेणे शहाणपणाचे. तारांच्या चाकांचे हब डावे-उजवे वेगळे असतात : डाव्या बाजूला उजवे आटे, उजव्या बाजूला डावे. आटे इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने फिरवला की खर्च वाढला.

बुशच्या बाबतीत मूळपणाचा हट्ट थोडा सोडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खालच्या विशबोनच्या आतल्या टोकांना मूळ रबराचे आठ अर्धे तुकडे लागत; १९७३ ते १९७६ मधील जीटी व्ही-८ ला धातूच्या नळीत बसवलेले चार अखंड बुश होते. ते साध्या एमजीबीला जसेच्या तसे बसतात, अधिक टिकतात आणि कारखान्याचेच असल्याने परकेही नाहीत. कडक पॉलियुरेथेनचे तसे नाही. त्याने रस्त्याचा प्रत्येक खडा आसनापर्यंत पोचतो. दांडीचा शॉक अ‍ॅब्झॉर्बर गळत असेल तर फेकू नये. जुना बदल्यात परत देऊन दुरुस्त केलेला घेता येतो, व अनेक ‘नवे’ भाग प्रत्यक्षात असेच असतात.

गेडन येथील ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट कारखान्याच्या नोंदींवरून गाडीचे प्रमाणपत्र देते. त्यात बांधणीची तारीख कळते, परंतु गाडीखाली आज कोणता भाग आहे हे त्यात नसते.