पिंपरीचा जावई

इतिहासात कोनशिला बसवणाऱ्यांची नावं येतात, आतला पंप चालू ठेवणाऱ्यांची येत नाहीत. शाहिस्तेखानाची बोटं आपल्याला तोंडपाठ. पण लाल महालात पाणी कोण भरत होतं, हे कोणी विचारलंय?

पिंपरीचंच घ्या. 1954 साली भारत सरकारनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं इथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला आणि 1955 साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन म्हणजे मूळची बुरशीची करामत. बुरशी आमच्याकडे पावसाळ्यात लोणच्यावर फुकट येते. 1928 साली लंडनला फ्लेमिंगच्या बशीतही ती अशीच आगंतुकासारखी आली होती. पिंपरीला मात्र तिला रीतसर बोलावलेलं. त्यामुळे थाट जावयाचा!

राहायला पोलादी टाकी, तीही आधी वाफेनं 120 अंशांच्या आसपास तापवून निर्जंतुक केलेली. खायला साखरेचं पाणी. श्वासाला गाळलेली हवा, तीही अखंड. त्यात हे पाहुणे वाढता वाढता स्वतःच तापतात, आणि त्यांना मानवतात 25 अंशांच्या आसपास. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत असतं! म्हणजे टाकी गार ठेवायला थंड पाणी अहोरात्र खेळवायला हवं. चुकून एखादा परका जंतू आत शिरला, तर तो तयार पेनिसिलिनच फस्त करू शकतो. मग अख्खी टाकी गटारात. म्हणून शास्त्रज्ञ जितका महत्त्वाचा, तितकाच बॉयलर, कॉम्प्रेसर आणि शीतयंत्रं सांभाळणारा इंजिनियर.

शीतयंत्राचं तत्त्व कॉमर्सवाल्याला चटकन पटतं. थंडी कोणी 'तयार' करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकायची. ही तर आमची ट्रान्स्फर एंट्री! टाकीच्या खात्यातून गेली, कूलिंग टॉवरच्या खात्यात आली; वर कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज हे कमिशन. मोजायचं 'टनात'. 24 तासांत एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्या विकल्या जात त्या काळातलं माप, पण एसीच्या दुकानात अजून चालतं.

त्याच पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका जंतूला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असं नाव मिळालं आणि डॉ. तिरुमलाचार यांनी त्यापासून 'हॅमायसिन' काढलं. ते औषध कशावर? बुरशीवर! एका टाकीत तिचे लाड, शेजारच्या प्रयोगशाळेत तिच्यावर वॉरंट. जंतूला गावाचं नाव लाभलं. रात्रपाळीच्या इंजिनियरची मात्र लॉगबुकात नुसती सही. पुढे परदेशी पेनिसिलिन स्वस्त पडू लागलं, आणि 1997 साली ही औषधांची कंपनीच 'आजारी' ठरली.

आमच्या सोसायटीत चाकणच्या कारखान्यातले एक सीनियर इंजिनियर राहतात. "काय साहेब, आज काय विशेष?" विचारलं की म्हणतात, "काही झालं नाही हो!" लोकांना वाटतं, दिवसभर बसून आले. पण कॅश जुळली म्हणून कॅशियरला कोणी हार घालतं का? पाच रुपये कमी भरले, की मात्र तो साऱ्या शाखेला दिसू लागतो!

पिंपरीत ज्या ज्या रात्री 'काही झालं नाही', त्या त्या रात्रीचं पेनिसिलिन कुप्यांत भरून गावोगाव गेलं असेल. कुठल्या तरी तालुक्याच्या दवाखान्यात न्यूमोनियानं निपचित पडलेलं पोर उठून बसलं असेल आणि आईकडे भात मागितला असेल. त्या माउलीनं डॉक्टरांचे पाय धरले असतील. कॉम्प्रेसरवाल्याचे धरायचे, हे तिला कोण सांगणार!