हरीश-चंद्र रिसर्च इन्स्टिट्यूट व तेथील पुंज माहिती गट

सैद्धांतिक भौतिकी आणि गणित एवढ्याच विषयांना वाहिलेली भारतीय संशोधन संस्था. प्रयागराजसमोर, गंगेपलीकडे झूंसी येथे तिचा परिसर असून ती केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालते. ती मेहता रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली. पुढे तिला अलाहाबाद विद्यापीठाचे माजी विद्यार्थी हरीश-चंद्र (१९२३–८३) यांचे नाव देण्यात आले. केंब्रिजला डिरॅक यांच्या मार्गदर्शनाखाली भौतिकीत डॉक्टरेट मिळवून ते कायमचे गणिताकडे वळले. दोन्ही विषय एका छपराखाली नांदवणाऱ्या संस्थेला हे नाव शोभतेच.

संस्थेची जगभर ओळख झाली ती मुख्यतः अशोक सेन यांच्या स्ट्रिंग सिद्धांतातील कामामुळे. पुंज माहिती व संगणन गट त्यामानाने नवा. अदिती सेन दे आणि उज्ज्वल सेन हे त्याचे प्रमुख संशोधक. अदिती सेन दे यांना २०१८ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. भौतिक विज्ञान शाखेत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

दूर असलेल्या दोन कणांच्या अवस्था एकमेकींत अशा अडकलेल्या असू शकतात, की एकाचे वर्णन दुसऱ्याला वगळून पुरे होत नाही. या गुंतण्याकडे गट भांडवल म्हणून पाहतो : ते किती आहे, मोजायचे कसे, खर्चून काय मिळते? असा गुंता आधीच वाटून घेतलेला असेल, तर एक क्यूबिट (पुंज बिट) पाठवून दोन साधे बिट माहिती पोहोचवता येते, हे बेनेट व वीझनर यांनी १९९२ मध्ये दाखवले. पाठवणारे अनेक असतील तेव्हा काय होते, याचा हिशेब २००४ मध्ये ज्या युरोपीय चमूने मांडला, त्यात अदिती सेन दे व उज्ज्वल सेन हे दोघेही होते.

काही वर्षे येथे असलेले अरुणकुमार पती यांचे नाव एका नकाराशी जोडलेले आहे. अज्ञात पुंज अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ पासून माहीत होते. पती व ब्राउनस्टाइन यांनी २००० मध्ये उलट बाजू सिद्ध केली : अशा दोन सारख्या प्रती हाती असल्या, तरी एक शाबूत ठेवून दुसरी पुसून टाकता येत नाही.

संस्थेच्या इतिहासातले एक नाव मराठी वाचकाला जवळचे वाटेल. नागपुरात शिकलेले आणि मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरच्चंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) १९८३ पासून काही वर्षे येथे संचालक होते. त्यांचे नाव एका जुन्या कोड्याशी जोडलेले आहे : सहा पलटणींचे, सहा हुद्द्यांचे, प्रत्येक पलटणीत प्रत्येक हुद्द्याचा एक याप्रमाणे ३६ अधिकारी चौरसात असे उभे करायचे, की कोणत्याही ओळीत वा स्तंभात पलटण किंवा हुद्दा पुन्हा येऊ नये. हे गणितज्ञ ऑयलरला जमले नाही, म्हणून १०, १४, १८ अशा मोठ्या चौरसांतही ते जमणार नाही, असे त्याने अनुमान केले. बोस, पार्कर व श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये ते खोटे ठरवले. सहाचा चौरस मात्र खरोखरच अशक्य निघाला होता. २०२२ मध्ये आयआयटी मद्रास व पोलंडमधील संशोधकांनी अधिकाऱ्यांना पुंज अवस्था मानून, त्यांच्या पलटणी व हुद्दे एकमेकांत गुंतवून तोही भरून दाखवला. हे काम झूंसीचे नव्हे, पण कोडे तिथल्याच एका जुन्या संचालकाच्या ओळखीचे.