दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आज आपल्या घराघरांत रुळला आहे. तथापि सरकारी द्रव्याने विद्यार्थ्यास साहाय्य करण्याची पद्धती आजच्या स्वरूपास कशी आली, हे आपल्या तरुणांस क्वचितच ठाऊक असते. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत. कारण त्यात एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो : हे द्रव्य कोणासाठी, आणि ते त्याच्या हाती केव्हा पडावे?

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणा वाटली जाई. ती विद्वत्तेच्या सन्मानार्थ असली, तरी तिचे मानकरी ब्राह्मणच असत. इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी ती एकदम बंद केली नाही. त्याच निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ साली लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, देण्यात यावा. सनातन्यांचा रोष एवढा की, अर्जदारांच्या रक्षणार्थ जोतीराव फुल्यांना माणसे जमवावी लागली. पुढे याच निधीतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमण्यात येऊ लागले. रानडे व भांडारकर हे त्यांपैकीच होत.

अशा रीतीने दानाची जागा गुणवत्तेने घेतली. पण ज्यांच्या घरी अक्षर कधी शिरलेच नाही, त्यांनी चढाओढीत उतरावे कसे? १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी नेमके यावरच बोट ठेवले. चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी त्यायोगे इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही. सबब ज्या वर्गांत शिक्षण पोहोचले नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे प्रथम संस्थानिकांनी मनावर घेतले. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली. नुसत्या फीच्या माफीने खेड्यातला मुलगा शहरात टिकत नाही, त्यास छप्पर व दोन वेळचे अन्न लागते, हे त्यांनी ओळखले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांस अमेरिकेस पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. मुदत सरताच १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईस प्राध्यापकी करून पैसा साठवावा, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घ्यावे, तेव्हा कोठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. शिष्यवृत्ती अपुरी पडली म्हणजे काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर १९४२ साली त्यांनी शिक्षण-साहाय्याची मागणी लेखी मांडली, आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरिता दरसाल ३ लाख रुपयांची योजना सुरू झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ ते हेच.

१९५९ नंतर यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आणखी एक पाऊल पडले. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांस, जात न पाहता, फी माफ झाली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे त्या पिढीच्या तोंडी बसली ती तेव्हापासून, आणि शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले कॉलेजची पायरी चढू लागली.

आज योजनांची वाण नाही. २०२० साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के ठरला व रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात भरण्याचे ठरले. २०२४ साली महाराष्ट्राने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील अनेक मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी भरण्याचा निर्णय केला. हे स्वागतार्हच आहे. परंतु २०१३ साली अनुसूचित जातींसाठी ठरलेली अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा पुढील दहा वर्षांत हलली नाही. महागाई मात्र थांबली नाही. शिवाय प्रवेश पावसाळ्यात आणि पैसा परीक्षेनंतर, असा अनुभव आम्ही आपल्याच मुलांच्या बाबतीत घेतला आहे. फीच्या खिडकीवर ‘रक्कम जमा नाही’ हे ऐकून परतलेला मुलगा पुष्कळदा पुन्हा येत नाही. पुढे मंजूर झालेली शिष्यवृत्ती त्याच्या काय कामाची?

म्हणून सुधारणा नव्या नावाच्या योजनेत नाही. उत्पन्नमर्यादा व निर्वाहभत्ता महागाईबरोबर वाढावा आणि पहिला हप्ता प्रवेशासोबतच मिळावा, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. ते सरकारने करावे, आणि त्यासाठी आपण आग्रह धरावा. तोवर आमची बांधवांस विनंती अशी की, आपल्या शिक्षणनिधीचा एक भाग बिनव्याजी उसनवारीसाठी वेगळा काढावा : जूनमध्ये फी भरावी, सरकारी रक्कम येताच विद्यार्थ्याने ती परत करावी, व तीच पुढल्या जूनमध्ये दुसऱ्याच्या कामी यावी. शाहू महाराजांनी जागा व मदत देऊन वसतिगृहे त्या त्या समाजाच्या हाती सोपविली, ती याच भरवशावर. तो भरवसा खरा करणे आपल्याकडे आहे.